‘वयच तसं आहे’

पन्नाशीतली आई रात्र-रात्र जागी राहते, कशातच तिचं मन लागत नाही. आपण म्हणतो, ‘वयच तसं आहे.’ मीही म्हटलंय. एकेकाळी मानसोपचाराची पाठ्यपुस्तकंही जवळपास हेच म्हणायची. फक्त त्याला भारदस्त नाव होतं: इन्व्होल्युशनल मेलॅन्कोलिया, म्हणजे उतरत्या वयातलं नैराश्य.

१८९६ साली जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत हा वेगळा आजार म्हणून मांडला. माणूस सतत येरझाऱ्या घालतो, झोप उडते, आपल्या हातून मोठं पाप घडलंय असं त्याला ठामपणे वाटतं. कारण काय, तर शरीराची उतरण.

मग त्यांच्याच परिघातल्या ड्रेफस या डॉक्टरने हायडेलबर्गच्या त्याच रुग्णांची पुन्हा चौकशी केली. आधी काय झालं होतं? पुढे काय झालं? अनेकांना तरुणपणीही असे झटके येऊन गेले होते, पण सौम्य असल्याने नोंदलेच गेले नव्हते. बरेच जण पुढे बरेही झाले. हे १९०७ साली छापून आलं आणि क्रेपेलिन यांनी आपलं मत बदललं. आपल्या कोडमधला बग दुसऱ्याने दाखवला की काय वाटतं, हे मला विचारा. त्यामुळे या माणसाबद्दल आदर वाटतो.

नाव मात्र टिकलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६८च्या अधिकृत यादीतही ते होतं. एव्हाना ते मुख्यतः बायकांना आणि पाळी जाण्याला चिकटलं होतं. १९७९ साली मिर्ना वाइसमन यांनी वेगवेगळ्या वयाच्या नैराश्यग्रस्त स्त्रियांची तुलना केली. पाळी जाण्याच्या वयातलं नैराश्य वेगळ्या जातीचं असतं, असं काही दिसलं नाही. १९८०च्या यादीतून नाव गेलं. म्हणजे ड्रेफसनंतर ७३ वर्षांनी.

पाळी जाताना हार्मोन्स बदलतात, त्याचा मनावर परिणाम होऊ शकतो, हे खरंच आहे. पण वय हे उत्तर मानलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

हे सगळं वाचल्यावर मी आईला ड्रेफसचाच प्रश्न विचारला. ‘आधी कधी असं झालं होतं का गं?’

‘तुझ्या वेळी झालं होतं,’ ती म्हणाली. ‘बाळंतपणानंतर. तेव्हा कुणी विचारलं नाही.’

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो.