पालवणकर बाळू आणि १९११चा विलायत दौरा

दिवाळी सरली आणि बाजरी-भात घरात आले, की नाशिक जिल्ह्यातल्या गावोगाव रिकाम्या वावरात पोरे तीन काठ्या ठोकतात आणि क्रिकेट सुरू होते. निफाड असो की सुरगाणा, हा खेळ आता कोणाला परका राहिलेला नाही. पण श्रोतेहो, एक काळ असा होता की हा खेळ साहेबाचा, पारशी शेटजींचा आणि शहरातल्या शिकलेल्या मंडळींचा समजला जाई. त्या काळी मैदानावर रूळ ओढणारा एक मराठी गडी विलायतेला गेला आणि शंभरावर बळी घेऊन परत आला. त्याची आणि त्याच्या संघाच्या त्या एका हंगामाची हकिगत आज सांगायची आहे.

गड्याचे नाव पालवणकर बाळू. जन्म १८७५च्या सुमारास, धारवाडला. घराणे चर्मकार समाजाचे. वडील लष्करात नोकरीला होते, म्हणून कुटुंब पुण्यात आले. बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या मैदानावर. झाडलोट करायची, खेळपट्टी सारखी करायची, महिन्याकाठी तीन रुपये घ्यायचे. पुढे १८९२ साली गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर काम लागले. रूळ ओढणे, जाळी बांधणे, चुन्याच्या रेघा मारणे ही कामे होतीच, शिवाय साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे नाणावलेले फलंदाज होते. ते इतरांच्या आधी येऊन बाळूसमोर तासन्‌तास सराव करीत. आपल्याला बाद केलेस की दर वेळी आठ आणे देईन, असे त्यांनी बाळूला सांगितले होते म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, चेंडू टाकण्याची त्याची शाळा ती हीच. बॅट मात्र त्या क्लबात त्याच्या हाती कोणी दिली नाही.

बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकी. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला असा चेंडू आधी अंगाकडे येतोसा वाटतो, आणि टप्पा पडला की तो बाहेर वळतो. फलंदाज पुढे सरसावून फसतो, नाही तर कड लागून झेल जातो. शिवाय पूर्वी खेळपट्टीवर आच्छादन घालीत नसत. पाऊस पडून माती ओली झाली आणि वर ऊन पडले, की चेंडू मातीला धरून असा वळे की भल्याभल्यांची गाळण उडे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांशी सामना जिंकायचा होता, आणि बाळूवाचून ते जमणार नव्हते. त्याला घ्यावे की घेऊ नये, यावर वाद झाला. शेवटी घेतला. पण कसा? मैदानावर चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, तिथे विटाळ नाही. चहाची वेळ झाली की बाळूने बाहेर थांबायचे आणि मातीच्या भांड्यात मिळेल तो चहा प्यायचा. जेवणाला पान वेगळे, जागाही वेगळी. साताऱ्याला जाऊन त्याने गोऱ्यांचे सात गडी बाद केले, तेव्हा पुण्यात सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खातापिताही आले पाहिजे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी मंडळींना सुनावले.

पुढे प्लेगाच्या दिवसांत बाळू मुंबईस गेला, रेल्वेत नोकरी धरली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंचा युरोपियनांशी सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, साहेबांच्या १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी विजय. त्या संघात बाळूबरोबर त्याचा धाकटा भाऊ शिवरामही होता. त्या वेळच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ पत्राने हा विजय म्हणजे जातिबंधने सैल होण्याची खूण मानली.

आता १९११. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस निघाला. पारशी, हिंदू, मुसलमान, शीख असे सगळे एका बोटीत. बाळू होता, शिवराम होता, मुकुंदराव पै होते. जून ते ऑगस्टमध्ये तेवीस सामने खेळायचे, आज या गावी तर तीन दिवसांनी दुसऱ्या. महाराजांच्या मागे राज्यारोहणाच्या मेजवान्या आणि भेटीगाठी लागल्या. ते फार थोडे सामने खेळले, आणि त्यांच्या पदरी असलेला उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हाही बहुतेक वेळ संघाला मिळाला नाही.

त्यामुळे हंगाम आधी फार वाईट गेला. ऑक्सफर्ड हरवते, लॉर्ड्‌सवर एमसीसी हरवते, परगण्यांचे संघ हरवतात. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉलेजकुमारांविरुद्ध मात्र बाळूने एकाच डावात १०३ धावांत आठ गडी टिपले. उत्तरार्धात लिस्टरशायरला सात गडी राखून हरवले. मग समरसेटशी सामना आला. तिथे शिवरामने नाबाद शतक ठोकले आणि अवघा एक गडी हाती असताना विजय पदरात पडला.

हिशेब मांडला तर तेवीस सामन्यांत सहा विजय, पंधरा पराजय, दोन अनिर्णित. कागदावर फारसे काही दिसत नाही. पण बाळूचे एकूण बळी ११४, आणि त्यांतले ७५ पहिल्या दर्जाच्या चौदा सामन्यांतले. म्हणजे दर सामन्याला पाचांहून अधिक. पस्तिशीच्या घरातला माणूस, परका मुलूख, थंड हवा, हरणारा संघ. तरी एका टोकाने तो चेंडू टाकीत राहिला.

त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला फुटबॉलमध्ये २-१ असे नमवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी बहुतेक खेळाडू अनवाणी होते. सारा देश आनंदला. खेळात साहेब हरू शकतो, हे त्या वर्षी लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

बाळू परत आला तेव्हा मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा त्या मानपत्रात हात होता, असे सांगतात.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला कधी मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार पै यांनीच आपल्या सत्कारात बोलून दाखवले, की हा मान वडीलकीने आणि अनुभवाने बाळूचा होता. निवडणाऱ्यांनी ऐकले नाही. १९२० साली तर त्याला वगळलेच. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्याचे भाऊ संघातून बाहेर पडले, वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, आणि बाळूला परत बोलवावे लागले. अखेर १९२३ साली धाकटा विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. थोरल्याला जे नाकारले ते धाकट्याला मिळाले, पण त्याला बारा वर्षे लागली. विठ्ठलने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक लिहिले.

आता कोणी म्हणेल, खेळातला हा मान-अपमान, त्याचे एवढे काय? नाशिककरांनी तरी असे म्हणू नये. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात हजारो माणसे काळारामाच्या दारापर्यंत चालत आली, आणि दारे बंद झाली. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. जी माणसे वर्षानुवर्षे गावचे काम करीत होती, त्यांनाच देवाच्या दारात अडवले. पुण्यात रूळ ओढणारा हात चालला, चेंडू टाकणारा हात चालला, पण चहाची कपबशी त्या हाती देववली नाही. प्रश्न एकच होता, जागा तेवढ्या निराळ्या.

बाळू आणि बाबासाहेब यांचे मार्ग पुढे वेगळे झाले. १९३२च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७च्या निवडणुकीत मात्र काँग्रेसने बाळूला बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूला ११,२२५ मते पडली. ४ जुलै १९५५ रोजी बाळू वारला.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेत संघ निवडताना चेंडू आणून देणारी, मैदान झाडणारी, हद्दीवर उभी राहणारी काही मुले नेहमी तीच असतात. एखाद्या दिवशी त्यांच्यापैकी एकाच्या हाती चेंडू देऊन पाहा, आणि तो चांगला टाकू लागला तर कर्णधार कोणाला करायचे, हेही त्याच दिवशी मनाशी ठरवून ठेवा.