टर्मिनलचा सातबारा : एका छद्म यंत्राच्या मालकीची कथा

आजचा धागा गडकोटांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. तरीही तो इतिहासाचाच आहे. कारण मालकी, ताबा आणि तोतयेगिरी हे इतिहासाचे तीन जुने विषय त्यात एकत्र आले आहेत. फरक इतकाच की वादाची जागा जमीन नसून संगणकाची काळी खिडकी आहे.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी ती खिडकी उघडून ‘टीटीवाय’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘पीटीएस’ या नावापुढे एखादा आकडा दिसेल. टीटीवाय हे ‘टेलिटाइप’ या शब्दाचे लघुरूप. टेलिटाइप म्हणजे तारखात्यात आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडणारा टेलिप्रिंटर. ‘पीटीएस’मधला ‘पी’ मात्र ‘स्युडो’चा, म्हणजे छद्म. आपला संगणक आपल्याला सांगत असतो की तुम्ही एका खोट्या टेलिप्रिंटरसमोर बसला आहात.

खरा टेलिप्रिंटर कसा होता? टेलिटाइप कंपनीचे ‘मॉडेल ३३’ हे यंत्र १९६३ साली आले. कळफलक, कागदाची गुंडाळी आणि छिद्रित फितीची सोय असे त्याचे रूप. वेग सेकंदाला १० अक्षरे. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली, तेव्हा माणूस आणि संगणक यांच्यातला संवाद अशाच यंत्रांवरून चाले. युनिक्सच्या आज्ञा इतक्या त्रोटक का, याचे एक कारण इथे सापडते. कळा जड होत्या आणि छपाई संथ होती.

या यंत्राच्या आणि प्रोग्रॅमच्या मध्ये युनिक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, एक दुभाषी बसवला. चुकलेले अक्षर खोडायचे, ओळ पूर्ण होईपर्यंत थांबायचे, कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की चालू काम तोडायचे, पासवर्ड लिहिताना तो उमटू द्यायचा नाही, ही सारी कामे त्याची. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ‘टर्मिनल’ म्हणजे यंत्र आणि दुभाषी मिळून होणारी संस्था. ती युनिक्समध्ये फाइलच्या रूपाने दिसते. तिला मालक असतो, आणि कोणी वाचावे, कोणी लिहावे याच्या परवानग्या असतात. तुम्ही लॉगिन केले की ती फाइल तुमच्या नावावर होते आणि बाहेर पडलात की परत सरकारजमा.

खऱ्या यंत्राच्या काळात ही व्यवस्था बव्हंशी पुरेशी होती. तार भिंतीतून गेलेली, यंत्र एका खोलीत, समोर बसलेला माणूस डोळ्यांना दिसणारा. निम्मी सुरक्षा खोलीचे दार सांभाळत असे.

आता थोडे मुंबईकडे वळू, कारण छद्म टर्मिनलची कल्पना युनिक्सहून जुनी आहे आणि तिचा धागा कुलाब्यापर्यंत पोहोचतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला. त्यावर काम करायचे म्हणजे छिद्रित कार्डांचा गठ्ठा सोपवायचा आणि निकालाची वाट पाहायची. पुढे १९७० च्या दशकात प्रा. आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने तिथे सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि डीईसी कंपनीचा ‘डीईसी-१०’ आला. आता अनेकांनी आपापल्या टर्मिनलवर बसून एकाच संगणकाशी एकाच वेळी बोलणे शक्य झाले. १९८५ मध्ये त्या केंद्राचे रूपांतर ‘एनसीएसटी’ या स्वतंत्र संस्थेत झाले आणि डॉ. एस. रमाणी तिचे संचालक होते.

या डीईसी-१० कुळातल्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘पीटीवाय’ नावाचे एक उपकरण होते. उपकरण म्हणायचे इतकेच. त्याला ना कळफलक, ना कागद. प्रश्न असा होता की माणूस समोर नसताना गठ्ठ्याने आलेली कामे कोणी चालवायची? उत्तर म्हणून एक नियंत्रक प्रोग्रॅम नेमला गेला. तो जणू स्वतःच टेलिप्रिंटरसमोर बसला आहे अशा थाटात, लिहून ठेवलेल्या आज्ञा एकेक करून ‘टंकित’ करी. पलीकडच्या व्यवस्थेला वाटे, माणूसच बोलतो आहे.

आपल्याकडे बहुरूपी दारात येतो. हवालदाराचा गणवेश, हवालदाराची भाषा, हवालदाराचीच गुर्मी. छद्म टर्मिनल हा असाच बहुरूपी होय. त्याला दोन बाजू असतात. एका बाजूस बसलेला प्रोग्रॅम माणसाच्या बोटांचे आणि डोळ्यांचे सोंग घेतो. दुसऱ्या बाजूस बसलेल्या प्रोग्रॅमला खरेखुरे टर्मिनल भेटल्याचा अनुभव येतो, दुभाष्यासकट. कोणी म्हणेल, दोन प्रोग्रॅम जोडायला युनिक्सची साधी नळी होतीच की! होती, पण नळीतून बोलताना पुष्कळ प्रोग्रॅम आपला स्वभाव बदलतात. उत्तर ओळीओळीने देण्याऐवजी साठवून एकदम देतात आणि पासवर्ड विचारणारे तर नळीकडे पाहतच नाहीत, थेट टर्मिनल शोधतात. सोंग घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते.

युनिक्सच्या जगात हे सोंग सर्वत्र पसरले ते बर्कली विद्यापीठाच्या ४.२बीएसडी या आवृत्तीमुळे. ऑगस्ट १९८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात इंटरनेटची टीसीपी-आयपी यंत्रणा होती. एका गावच्या यंत्रावरून दुसऱ्या गावच्या यंत्रात लॉगिन करायचे, तर पलीकडे तार जोडलेला टेलिप्रिंटर नसणारच. तिथे बहुरूपीच उभा राहणार. आज उचगावात बसून एखादी विद्यार्थिनी मुंबईतल्या सर्व्हरवर एसएसएचने काम करते, तेव्हा तिने दाबलेली प्रत्येक कळ मुंबईच्या यंत्रातल्या अशाच एका छद्म टर्मिनलच्या मागच्या दाराने आत शिरते आणि पुढच्या दाराशी बसलेल्या शेलला वाटते की ती इथेच बसली आहे.

बीएसडीने ही जोडपी आधीच बनवून ठेवली होती. मागच्या दाराचे नाव ‘पीटीवायपी०’, पुढच्याचे ‘टीटीवायपी०’, मग १, २ असे करत सोळा. पुढे अक्षर बदलून आणखी सोळा. ज्याला हवे त्या प्रोग्रॅमने पहिल्यापासून एकेक दार ढकलून पाहावे, जे उघडेल ते आपले. रिकामे असताना ही पुढची दारे सर्वांना वाचण्या-लिहिण्यासाठी मोकळी असत. धर्मशाळेच्या खोल्यांसारखी ही व्यवस्था होती, आणि माझ्या मते तो केवळ ढिसाळपणा नव्हता. खऱ्या यंत्राच्या काळातला विश्वास न तपासता खोट्या यंत्राला बहाल केला गेला होता. खोट्या यंत्राला खोली नव्हती, दार नव्हते, समोर बसलेला माणूस दिसत नव्हता.

इथून खरी गोष्ट सुरू होते. ती समजण्यासाठी उचगावकरांना फार दूर जावे लागणार नाही. कोल्हापूरला खेटलेल्या या गावात शेताचे प्लॉट होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ‘फेरफार’ आणि ‘वहिवाट’ यांतला भेद ठाऊक असतो. सातबारावर नाव बदलणे ही एक गोष्ट. जमिनीत आधीच ठाण मांडून बसलेला माणूस उठणे ही अगदी दुसरी.

युनिक्समध्ये फाइलची परवानगी फक्त उघडतेवेळी तपासली जाते. एकदा फाइल उघडली की हाती एक क्रमांक येतो आणि मग मालक बदलो, परवानग्या बदलोत, तो क्रमांक चालतच राहतो. आता कल्पना करा. एका विद्यापीठाच्या संगणकावर शेकडो विद्यार्थी आहेत. एकाने सकाळीच रिकामे ‘टीटीवायपी३’ उघडले आणि गुपचूप धरून ठेवले. दुपारी व्यवस्थापकाने दुरून लॉगिन केले आणि त्याच्या वाट्याला नेमके तेच टर्मिनल आले. लॉगिन प्रोग्रॅमने रीतसर फेरफार केला. मालक बदलला, इतरांची परवानगी काढली. कागद स्वच्छ झाला, पण सकाळची वहिवाट तशीच राहिली. तो विद्यार्थी आता व्यवस्थापकाची अक्षरे मध्येच पळवू शकत होता, त्याच्या पडद्यावर काहीही लिहू शकत होता. त्याहून भयंकर म्हणजे ‘टीआयओसीएसटीआय’ नावाची एक सोय होती. तिने टर्मिनलच्या तोंडी अक्षरे घालता येत, जणू ती मालकानेच टंकित केली आहेत. व्यवस्थापकाच्या तोंडून कोणती आज्ञा वदवून घ्यायची, हे मग त्या विद्यार्थ्याच्या मर्जीवर.

बर्कलीच्या लोकांना याची जाणीव होती. जुने सारे ताबे एका फटक्यात तोडणारी ‘व्हीहँगअप’ ही सोय त्यांनी दिली आणि पुढे ‘रिव्होक’ ही अधिक नेमकी सोय आली. पण या सोयी वापरण्याचा आणि मालकी बदलण्याचा अधिकार केवळ ‘रूट’कडे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याकडे. ‘स्क्रिप्ट’सारखे सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालणारे प्रोग्रॅम छद्म टर्मिनल घेत तेव्हा त्यांना फेरफारही करता येत नसे. त्यांचे दार दिवसभर सताड उघडे.

मग काहींनी उलटा मार्ग धरला. १९८४ मध्ये जन्मलेला एक्सटर्म हा खिडकीतला टर्मिनल अनेक ठिकाणी रूटच्या अधिकारासह बसवला जाई; कारण काय, तर टर्मिनलची मालकी बदलता यावी. एका फेरफारासाठी अख्खा तलाठी, त्याच्या शिक्क्यासह, घरी आणून ठेवावा तसे हे झाले. १९९३ मध्ये ‘सर्ट’ या सुरक्षा संस्थेने इशारा प्रसिद्ध केला, की एक्सटर्मच्या नोंदवही लिहिण्याच्या सोयीतल्या दोषामुळे सामान्य वापरकर्ता रूटचे अधिकार मिळवू शकतो. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमच्या हाती शिक्का दिला की कोणत्या तरी कोपऱ्यात तो भलत्याच कागदावर उमटणार, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

याच सुमारास डॅनियल बर्नस्टाइन हा विद्यार्थिदशेतला तरुण या प्रश्नाच्या मागे लागला. पुढे क्यूमेल आणि कूटशास्त्र यांमुळे तो ख्यातनाम झाला. त्याचा स्वभाव तिखट आणि वादप्रिय, हेही त्या वर्तुळात सर्वश्रुत. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याने ‘पीटीवाय’ नावाचा संच प्रसिद्ध केला आणि नंतर ‘पीटीवायगेट’. त्यामागचा विचार साधा पण दूरगामी होता. टर्मिनल मिळवणे, त्याची मालकी नीट लावणे आणि काम संपल्यावर ते परत करणे, एवढेच काम एका लहानशा, तपासून पाहता येईल अशा प्रोग्रॅमकडे सोपवावे. विशेष अधिकार त्यालाच असावा. बाकी सारे प्रोग्रॅम अधिकारविहीन राहावेत आणि गरज पडली की त्याच्याकडे जावेत. गावात तलाठी एकच असावा, आणि त्याने तलाठ्याचेच काम करावे.

दुसरी अडचण होती विविधतेची. त्या काळी सन, डीईसी, एचपी, आयबीएम अशा प्रत्येक कंपनीचे युनिक्स निराळे, दारांची नावे निराळी, ताबा तोडण्याच्या रीतीही निराळ्या. एका ठिकाणी सुरक्षित असलेला प्रोग्रॅम दुसरीकडे निमूटपणे असुरक्षित होई. म्हणून असा संच सुरक्षित असण्याइतकाच सर्वत्र चालणारा असणे महत्त्वाचे होते.

दरम्यान एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही या शाखेने, तिच्या चौथ्या आवृत्तीत, मुळावरच घाव घातला होता. दारे शोधत फिरू नका. ‘पीटीएमएक्स’ या एकाच खिडकीशी या, कर्नल स्वतः मोकळी जोडी निवडून हातात देईल. पुढचे दार आधी कुलूपबंद असेल; मालकी लागल्यावर ‘अनलॉकपीटी’ म्हणा, मग ते उघडेल. बीएसडीच्या पद्धतीहून ही रचना मला निःसंशय सरस वाटते, कारण तिच्यात शर्यतीला वावच उरत नाही. पुढे युनिक्सच्या मानकात तिला स्थान मिळाले.

लिनक्सने २.२ या आवृत्तीत, म्हणजे १९९९ मध्ये, ती अंगीकारली आणि एक पाऊल पुढे टाकले. पुढचे दार आधीपासून अस्तित्वातच नसते. मागितल्यावर ते त्या वापरकर्त्याच्याच नावे जन्माला येते आणि काम संपताच नाहीसे होते. सकाळी येऊन धरून ठेवायला काही नाही. फेरफाराची गरज नाही, म्हणून तलाठीही नको.

तरी जुना तलाठी कचेरीत बसूनच होता. जीलिबसी या मूलभूत संचात ‘पीटी-चोन’ नावाचा रूट-अधिकाराचा मदतनीस शिल्लक राहिला होता. २०१३ मध्ये त्यातली त्रुटी नोंदवली गेली. ज्याला त्याला दुसऱ्याच्या टर्मिनलची मालकी मिळवण्याची वाट तिच्यातून निघत होती. त्याच वर्षीच्या २.१८ आवृत्तीपासून तो मदतनीस आपोआप तयार होणे बंद झाले. योगायोग असा की त्याच २०१३ च्या जुलैत भारतातली तारसेवाही बंद झाली.

आणि अक्षरे दुसऱ्याच्या तोंडी घालणारी ती सोय? ओपनबीएसडीने ती २०१७ मध्ये काढून टाकली. लिनक्समध्ये ती बंद ठेवण्याचा पर्याय यायला २०२३ उजाडले.