नजरअंदाज आणि पीक कापणी : वऱ्हाडातील कापसाचा हिशेब

वऱ्हाडात कापूस किती पिकला हे ठरवण्याची जुनी रीत म्हणजे आणेवारी. भरघोस पीक सोळा आणे. बाकीचे त्या मानाने बारा, आठ, सहा. पटवारी, पाटील आणि जाणते कास्तकार शिवारात फिरून पराटीची वाढ आणि बोंडांचा भर पाहून आणे सांगत. पेऱ्याखालचे क्षेत्र, एकरी प्रमाण उत्पन्न आणि हे आणे यांच्या गुणाकारातून सरकारी अंदाज निघे. क्षेत्र मोजलेले असे, आणे नजरेचे. शेतसाऱ्याची तहकुबी आणेवारीवर ठरत असल्याने ती कमी सांगण्याकडे कल राही.

या अंदाजाची परीक्षा धामणगावसारख्या रेल्वे स्थानकांवर होई. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला; पुढे यवतमाळकडचा कापूसही बंड्यांतून धामणगावला येऊ लागला. जिनात सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात. १९२५ च्या कायद्याने प्रेसवाल्यांना बांधलेल्या गाठींचा आकडा दर आठवड्याला कळवणे भाग पडले. गिरण्यांचा खप, निर्यात आणि घरगुती वापर यांची बेरीज बहुधा अंदाजाच्या वर जाई. पण धामणगावात बांधलेल्या गाठीवरून ती कोणत्या गावची, हे कळत नसे.

ही उणीव नमुना पाहणीने, म्हणजे निवडलेल्या तुकड्यांतले पीक काढून तोलण्याने भरून काढली. सनदी अधिकारी हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताचे असे प्रयोग केले होते. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ वि. गो. पानसे यांनी कापसासाठी, तर पां. वा. सुखात्मे यांनी अन्नधान्यांसाठी ही पद्धत रुजवली. गाव, शेत आणि शेतातली जागाही यदृच्छेने निवडायची, म्हणजे चांगले शेत दाखवण्याची सोय उरत नाही. कापूस मात्र एकदम निघत नाही. आखलेला तुकडा शेवटच्या वेचणीपर्यंत राखावा लागतो आणि प्रत्येक वेचा वेगळा तोलावा लागतो. मोजणीलाही नजरेचा दोष लागतो: तुकडा फार लहान असला तर कडेची झाडे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवले.

आज दोन्ही रीती चालू आहेत. आणेवारीला आता पैसेवारी म्हणतात; विदर्भात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. पीक विम्यासाठी महसूल मंडळात कापणी प्रयोग होतात. मंडळाची सरासरी प्रयोगांतून कळते, पण एखाद्या कास्तकाराचे बुडालेले शेत तीत दिसत नाही. ते त्याला स्वतःला पक्के ठाऊक असते. मात्र तेवढ्यावरून मंडळाचे पीक सांगता येत नाही.