पडद्यावरचे टेबल कुणाचे?

संगणक सुरू केला की समोर येणाऱ्या पडद्याला आपण सर्रास 'डेस्कटॉप' म्हणतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा साधा अर्थ 'टेबलाचा वरचा भाग' असा आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि हे टेबल कुणा शास्त्रज्ञाचे नव्हे, चक्क कारकुनाचे आहे!

१९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला, तो कचेऱ्यांसाठीच. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, फायलींचा खण, आवक टपालाची आणि जावक टपालाची पेटी अशी छोटी चित्रे होती आणि ती हलवून आपल्या सोयीने मांडता येत होती. एका यंत्राची किंमत १६,५९५ डॉलर, त्यामुळे 'स्टार' फारसा खपला नाही. कल्पना मात्र टिकली.

खऱ्या टेबलावरची मांडणी कशासाठी असते? थॉमस मेलोन या संशोधकाने कचेरीत काम करणाऱ्या दहा जणांशी बोलून १९८३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. टेबलावरचे ढीग हा निव्वळ पसारा नसतो, राहिलेल्या कामाची ती आठवण असते, हे त्याने दाखवून दिले. जुन्या कारकुनांना हे कुणी शिकवावे लागत नाही. डावीकडचा गठ्ठा सहीसाठी, उजवीकडचा उत्तराची वाट पाहणारा, काचेखाली परिपत्रक. शिपायाने टेबल 'आवरून' ठेवले की अर्धा दिवस शोधाशोधीत जातो, तो याचमुळे.

१९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये पार्श्वभूमीची नक्षी आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात स्वतः काढता येत असे. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये मागे चित्र लावण्याची सोय आली. पण आपल्यापैकी बहुतेकांना डेस्कटॉपची खरी ओळख झाली ती विंडोज ९५ मुळे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत फायली थेट पडद्यावर ठेवता येऊ लागल्या, टास्कबार चारांपैकी हव्या त्या कडेला ओढून नेता येऊ लागला. आपल्याकडच्या माटोळीसारखेच हे! चौकट सगळ्यांची सारखी, पण कुठले फळ कुठे बांधायचे ते ज्याच्या त्याच्या घरचे.

पुढे मात्र ही मुभा अधूनमधून काढूनही घेतली गेली. बोटाने चालणारे पडदे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण गायब झाले. लोकांनी इतकी ओरड केली की वर्षभरात, ८.१ मध्ये, ते परत आले. २०२१ साली विंडोज ११ बाजारात आली तेव्हा टास्कबार खालच्या कडेलाच जखडलेला होता. फुकट आणि मुक्त म्हणवणाऱ्या लिनक्सच्या जगातही हेच घडले. २०११ च्या ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडीत काढली. फरक एवढाच, की तिथे नाराज मंडळींनी जुनाच कोड उचलून 'माटे' नावाचा वेगळा डेस्कटॉप उभा केला.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. सगळीकडे एकच मांडणी असली की शिकवणे आणि दुरुस्ती सोपी जाते. मोठ्या कचेऱ्यांत तर शेकडो यंत्रांची मांडणी एकाच ठिकाणाहून ठरवता येते, आणि सुरक्षिततेसाठी ते काही प्रमाणात लागतेही.

तरीही नवी आवृत्ती आल्यावर नेहमीचे बटण शोधत बसलेल्या माणसाला 'याला संगणक जमत नाही' म्हणणे अन्यायाचे वाटते. जमत होते की! त्याच्या हाताला सगळ्या जागा पाठ होत्या. विसरला तो नव्हे. त्याचे टेबल कुणीतरी त्याला न विचारता आवरले आहे. कारकुनाच्या टेबलावरून चित्र काढताना निदान एवढे तरी उचलायला हवे होते, की त्या टेबलावर काय कुठे ठेवायचे हे तिथे बसून काम करणारा ठरवतो.