‘एनएम’ : यंत्रसंहितेतील नामांची सूची आणि तिचा इतिहास

प्रोग्रॅमच्या मूळ लेखनात नामांची रेलचेल असते. चलांना नावे असतात, फंक्शनांना असतात, आणि ती निवडताना लिहिणाऱ्याने काही विचारही केलेला असतो. कंपायलर एकेका फाइलीचे स्वतंत्रपणे यंत्रसंहितेत रूपांतर करतो, तेव्हा यांतील बहुतेक नामे लोपतात. फंक्शनच्या पोटातील चल यंत्राच्या दृष्टीने एखादे रजिस्टर किंवा स्टॅकवरील एखादे अंतर एवढेच उरते. त्यास नाव असण्याचे प्रयोजन राहत नाही. अवश्यमेव टिकावी लागतात ती दुसऱ्या फाइलींशी व्यवहार करणारी नामे : ज्या नावाने हाक आल्यास या फाइलीने ‘ओ’ द्यावयाची ती, आणि ज्या नावाने तिला इतरांना हाक मारावयाची ती. रूपांतरातून निघालेली ऑब्जेक्ट फाइल ही नामे एका सारणीत जपून ठेवते व लिंकर त्यांची परस्परांशी गाठ घालून देतो. ही सारणी मनुष्यास वाचता येईल अशा रूपात छापणारी, टर्मिनलवर दोन अक्षरे लिहून चालवावयाची आज्ञा म्हणजे ‘एनएम’ होय.

तिच्या प्रत्येक ओळीत सामान्यतः तीन गोष्टी असतात : पत्ता, एक रोमन अक्षर आणि नाम. ‘टी’ हे अक्षर नाम आज्ञांच्या विभागात असल्याचे सांगते, ‘डी’ आरंभमूल्य असलेल्या सामग्रीच्या विभागात. अक्षर मोठ्या लिपीतले असल्यास नाम सर्वांस खुले, लहान लिपीतले असल्यास ते सहसा त्या फाइलीपुरतेच मर्यादित. ‘यू’ असेल तेथे पत्त्याची जागा रिकामी असते, कारण ते नाम येथे केवळ वापरलेले आहे, सिद्ध झालेले नाही. आपल्याकडील शाब्दबोधाच्या चर्चेत पदाची ‘आकांक्षा’ म्हणून जी सांगितली आहे, तिच्याशी या ‘यू’चे साम्य सहज ध्यानात येण्याजोगे आहे. अशी एक जरी आकांक्षा अपुरी राहिली, तरी लिंकर सामान्यतः प्रोग्रॅम पुरा करून देत नाही.

ही आज्ञा बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्या जन्मकाळीच अवतरली. ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाच्या, केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या नावे निघालेल्या पहिल्या मार्गदर्शिकेत ‘एनएम’ची नोंद आहे. त्याच पुस्तिकेत नामे काढून टाकणारी ‘स्ट्रिप’, आकार सांगणारी ‘साइझ’ आणि अपुरी नामे तेवढी दाखवणारी ‘यूएन’ याही आज्ञा आढळतात. यांपैकी शेवटीचे काम पुढे ‘एनएम’च्याच एका पर्यायाकडे आले. त्या वेळी तेथील बरेचसे लेखन पीडीपी-११ यंत्राच्या असेंब्ली भाषेत होत असे. ‘सी’ भाषेने आजचे परिचित रूप धारण करण्यापूर्वीची ही आज्ञा आहे, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नसते.

तथापि तिच्या सूचीतील काही अक्षरे तिच्याहूनही जुनी आहेत. ‘बी’ हे अक्षर ‘बीएसएस’ या विभागाचे. हे संक्षेपरूप आयबीएम ७०४ व तिच्या वंशातील यंत्रांच्या असेंब्लरमधून आले, आणि त्याचा मूळ अर्थ ‘चिन्हाने आरंभ होणारा खंड’ असा होता. नाव द्यावे, शब्दसंख्या सांगावी, म्हणजे तेवढी जागा राखून ठेवली जाई व नाव तिच्या पहिल्या शब्दास लागे. नाव खंडाच्या शेवटास लावणारी एक जोडीदार आज्ञाही होती. त्यामुळेच ‘आरंभ’ या पदास तेथे अर्थ होता. युनिक्समध्ये जोडीदार गेला, भेद गेला, आणि ‘बीएसएस’ म्हणजे चालू होतेवेळी शून्याने भरलेली सामग्री, असा निराळाच अर्थ रूढ झाला. सहस्र अंकांची रिकामी मालिका यात टाकली, तर फाइलीत फक्त तिचे माप लिहिले जाते, प्रत्यक्ष शून्ये नव्हेत. अर्थांतराचे इतके स्वच्छ उदाहरण नैसर्गिक भाषांतही क्वचितच मिळेल.

‘सी’ या अक्षराची कथा फोर्ट्रानकडे जाते. १९५८ च्या फोर्ट्रान-२ मध्ये उपप्रोग्रॅम स्वतंत्रपणे रूपांतरित करण्याची सोय झाली आणि त्यांच्यात सामाईक जागा ठेवण्यासाठी ‘कॉमन’ ही घोषणा आली. युनिक्सवरील सी भाषेच्या कंपायलरांनी हीच रीत उचलली : आरंभमूल्य न दिलेले एकाच नावाचे चल अनेक फाइलींत आढळल्यास लिंकर ते निमूटपणे एक करी. दोघांनी भिन्न हेतूने एकच नाव योजिले, तरीही. ही सोय नव्हे, गैरसोयच होती, असे म्हणावयास हरकत नाही. २०२० मध्ये जीसीसी कंपायलरच्या दहाव्या आवृत्तीने ही रीत स्वभावतः बंद केली. आता अशा पुनरुक्तीवर लिंकर दोष दाखवितो, आणि त्या कंपायलरने नव्याने रूपांतरित केलेल्या सी फाइलींच्या सूचीतून ‘सी’ हे अक्षर जवळजवळ नाहीसे झाले आहे.

नामांच्या लांबीचाही असाच इतिहास आहे. आयबीएम ७०४ चा शब्द ३६ बिटांचा, अक्षर ६ बिटांचे, म्हणून एका शब्दात सहा अक्षरे मावत. फोर्ट्रानमधील नामांची मर्यादाही सहाच होती. युनिक्सच्या आरंभीच्या सारणीत आठ अक्षरांची जागा असे, परंतु सी भाषेच्या नामापूर्वी कंपायलर एक अधोरेषा जोडी, तेव्हा उरत सात. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणानेसुद्धा फाइलीबाहेर दिसणाऱ्या नामाची पहिली सहा अक्षरेच विचारात घेण्याची मुभा लिंकरना दिली होती. ‘एसटीआरसीपीवाय’ यासारखी स्वरहीन नामे या काटकसरीच्या दिवसांतली आहेत.

सी++ भाषेने अडचण उलट बाजूने आणली. तेथे एकाच नावाची अनेक फंक्शने, केवळ निविष्टांच्या प्रकारभेदाने, नांदू शकतात. लिंकरला मात्र नाव तेवढे कळते, प्रकार कळत नाहीत. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी प्रकारांची माहिती नामातच गुंफण्याचा मार्ग काढला. १९८९ च्या २.० आवृत्तीपासून तो सर्वत्र लागू झाला. आज प्रचलित असलेल्या एका संकेतानुसार दोन पूर्णांक घेणारे ‘एडीडी’ हे फंक्शन सारणीत अधोरेषा, ‘झेड’, ३, ‘एडीडी’, ‘आयआय’ असे दिसते. निविष्टे द्विगुण अचूकतेची असतील तर शेवटी ‘डीडी’ येते, आणि ‘ए’ नंतर चार ‘डी’ सलग उभे राहतात! नाम कोठे संपते हे सांगण्यासाठीच तो ३ चा अंक आहे. पाणिनीय परंपरेत ‘क्त’ प्रत्ययातील ककार ‘कृत’ या रूपात ऐकू येत नाही, पण गुणाचा निषेध करून जातो. तद्वत ही जोडाक्षरे प्रोग्रॅम चालताना काहीच करीत नाहीत, लिंकरच्या प्रक्रियेपुरती त्यांची सत्ता. त्यांचा पदच्छेद करून मूळ नाम दाखविणारे साधनही ‘एनएम’मध्ये पुढे अंतर्भूत झाले.

येथवर जे सूचीत असते त्याचा विचार झाला. जे नसते तेही पुराव्यादाखल येते. ‘स्ट्रिप’ चालवलेल्या फाइलीवर ‘एनएम’ नामे नाहीत एवढेच कळविते. चालू होतेवेळी लागणारी नामे मात्र वेगळ्या सारणीत शिल्लक राहतात, कारण त्यांची गरज अद्याप संपलेली नसते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात टॉम्पसन यांनी दाखवून दिले की, कंपायलरमध्येच कपट पेरल्यास मूळ लेखन कितीही तपासले तरी त्याचा माग लागत नाही. असेंब्लर किंवा लोडर यांच्याविषयीही हेच संभवते, असे त्यांनी सुचविले होते. साक्षीदारही या संशयातून सुटत नाही.

चाळीस वर्षांनी हा प्रश्न व्याख्यानाच्या कक्षेबाहेर आला. २०२४ च्या आरंभी ‘एक्सझेड’ या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक घातक ऑब्जेक्ट फाइल शिरली. मूळ लेखनात ती कोठेच नव्हती. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत ती दडवलेली होती आणि बांधणीच्या वेळी बाहेर काढून जोडली जाई. मूळ लेखनाच्या फाइलीच्या नावात ‘सीआरसी६४’ आणि ‘फास्ट’ यांमध्ये अधोरेषा होती, हिच्या नावात संयोगचिन्ह. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, म्हणून त्यांनी मापन केले. तेव्हा वेळ त्या साधनाच्या ग्रंथालयात जात असल्याचे दिसले, परंतु मापकास तो कोणत्याही नामाच्या खाती टाकता येईना. वेळ होता, पत्ता होता, नाम नव्हते. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले, आणि २९ मे रोजी निघालेल्या ५.६.२ या आवृत्तीतून ती सामग्री वगळण्यात आली.