पंगत कुठे मोजायची? टर्बो इंजिन आणि सुटलेली हवा

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एक चिठ्ठी आली होती. चिरंजिवांनी टर्बो पेट्रोल गाडीला बाजारातला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय, गिअर बदलताना गाडी ‘फुस्स’ करते. एक मेकॅनिक म्हणतो इंजिन जाईल, दुसरा म्हणतो काही होत नाही. खरं काय? वेळ संपत आली होती. आम्ही म्हणालो, हवाच तर बाहेर जाते, तिनं इंजिनाचं काय बिघडणार! टाळ्या पडल्या. घरी जाऊन वाचलं, जाणकारांना विचारलं, तेव्हा कळलं की उत्तर चुकलं होतं. ते दुरुस्त करायचं तर थोडं मागं जावं लागेल.

टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चं. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या गरम वायूनं एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं इंजिनात हवा दाबून भरायची. १९२० च्या दशकात ही युक्ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत आली. तिथं आजचा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण त्या डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर दार नसे. ताकद कमी-जास्त करायची ती डिझेल कमी-जास्त सोडून. आपल्याकडे टर्बो बरीच वर्षं मुख्यतः डिझेल गाड्यांत होता. चाकणच्या कारखान्यातली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, आणि त्यानंतर टर्बो पेट्रोल गाड्या वाढल्या. म्हणून ही चिठ्ठी आमच्याकडे आत्ता येते.

पेट्रोल इंजिनात दार असतं, थ्रॉटलचं. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेवरले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या टर्बोवाल्या मोटारी निघाल्या. त्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता, म्हणजे दार आधी, पंखा नंतर. पुढे फ्युएल इंजेक्शनचे दिवस आले आणि हे दार बहुधा टर्बोच्या पुढे, इंजिनापाशी गेलं. आता पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतोय, आणि चालकानं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. दार धाडकन बंद. दाबलेली हवा जाणार कुठं? ती उलटी येते, पंख्यावर आदळते. पाती आणि बेअरिंग दोघांनाही हिसका बसतो. म्हणून मधल्या पाइपला एक खिडकी ठेवली, दार मिटलं की उघडणारी. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तो हाच. म्हणजे हा मुळात टर्बोच्या रक्षणासाठी नेमलेला पहारेकरी आहे बरं का!

कंपनीच्या गाडीत ही खिडकी बहुधा टर्बोच्या अलीकडच्या पाइपात उघडते. हवा गोल फिरून परत टर्बोत जाते, आवाज जवळजवळ नाही. बाजारातला व्हॉल्व्ह तीच हवा बाहेर सोडतो.

आता मुद्द्याचं. पेट्रोल किती सोडायचं हे ठरवण्यासाठी इंजिनाला हवेचं माप लागतं. ते घेण्याच्या दोन रीती बॉशच्या दोन इंजेक्शन पद्धतींच्या नावांतच दिसतात. १९६७ ची डी-जेट्रॉनिक. डी म्हणजे जर्मन ‘द्रुक’, दाब. त्यानंतरची, १९७३-७४ च्या सुमाराची एल-जेट्रॉनिक. एल म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. पहिली इंजिनाच्या तोंडाशी दाब पाहते, दुसरी आत येणारी हवाच मोजते. लग्नाचं बघा. एक यजमान मांडवाच्या दारात माणसं मोजतो, दुसरा पंगतीत बसलेली माणसं मोजतो. मागच्या दारानं दहाजण निघून गेले तर पहिल्याच्या हिशोबात दहा पानं जास्त वाढली जातील. दुसऱ्याचं काहीच बिघडत नाही.

बाहेर सोडलेली हवा म्हणजे ते दहाजण. दारात मोजणाऱ्या गाडीत पेट्रोल क्षणभर जास्त पडतं. गाडी गुदमरते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, प्लग काळे पडतात, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवतं. इंजिन लगेच ‘जाईल’ असं नाही. बिल येतं ते बहुधा प्लगचं आणि कन्व्हर्टरचं. निस्सानच्या १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये हवा मोजणारे दोन सेन्सर टर्बोच्या आधी आहेत, म्हणून कारखान्यानं सुटलेली हवा परत आत वळवली. टोयोटा सुप्राची गंमत आणखी मोठी. १९९३ च्या सुप्राचं टर्बो इंजिन जपानसाठी दाब पाहणारं आणि अमेरिकेसाठी हवा मोजणारं! नाव एक, इंजिन एक. तोच व्हॉल्व्ह जपानी गाडीत मुकाट्यानं खपतो आणि अमेरिकन गाडीत हिशोब चुकवतो. दोन्ही मेकॅनिक आपापल्या पाहण्यातल्या गाडीबद्दल खरंच बोलत असतील.

न्यायदर्शनात ‘अन्यथासिद्ध’ म्हणून एक संज्ञा आहे. माती वाहणारं गाढव घडा होण्याआधी हजर असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे. ‘फुस्स’ हे इथलं गाढव आहे. तरुण मंडळींना त्यानं ताकद वाढल्यासारखी वाटते, वडीलधाऱ्यांना काहीतरी फुटल्यासारखं वाटतं. ज्या डिझेलला या खिडकीची गरज नाही, तिलाही नुसत्या आवाजासाठी हे लावून देणारे आहेत!

एक धोका मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांना आहे. स्प्रिंग मऊ असली तर गाडी उभी असताना व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि फिल्टर चुकवून बाहेरची हवा आत ओढली जाते. आपल्या रस्त्यांवर हवा म्हणजे धूळसुद्धा.

तेव्हा चिठ्ठीवाल्या गृहस्थांनी फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत हवा मोजणारा सेन्सर आहे का, हे आधी बघून घ्यावं. असेल तर हवा पाइपात परत नेणारा व्हॉल्व्ह बसवायला सांगावं; चिरंजीव थोडे नाराज होतील. नसेल तर गाडी उभी ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरावा, आत ओढला जातोय का ते कळेल. आज ते आले असतील तर नंतर जरूर भेटावं. गाडी कोणती हे मागच्या वेळी विचारायचंच राहिलं.