गाडी वळेल कोठे? झाडीची वाट, मुक्काम आणि चाकांचा इतिहास

१/ वडशाहून कुरखेड्याकडे आणि तेथून कोरचीमार्गे छत्तीसगडच्या सीमेकडे जाणारी वाट नकाशावर बारीक रेघेसारखी दिसते. हिवाळ्यातील रात्री या परिसरातील वाटांवरून नाटक कंपन्यांची वाहने धावतात. आत पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, वाद्ये आणि कलावंत. गाव येते, रस्ता अरुंद होतो आणि चालकापुढे जुनाच प्रश्न उभा राहतो: गाडी आत जाईल, पण वळेल कोठे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी. 🧵

२/ इतिहासाची पुस्तके रस्त्यांविषयी भरभरून लिहितात. कोणी बांधला, किती लांब, कोणत्या नगरांना जोडणारा. मुक्कामांविषयी मात्र ती मितभाषी असतात. वास्तविक, सरळ वाटेवर वाहन हाकणे हे कामाचे सोपे अर्ध. फिरस्त्याची खरी परीक्षा थांबताना होते. जागा किती, जमीन कशी, समोरून कोणी आले तर बाजूला सरावे कोठे आणि पहाटे निघायचे झाल्यास तोंड कोणीकडे असावे?

३/ प्रथम भूगोल. कुरखेडा सती नदीकाठी वसले आहे. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा: धानाची शेती, तलाव आणि चहूकडे जंगल. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तले, नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा त्यांच्या ताब्यात गेला. तेव्हा या पूर्व भागात पलसगड, गेवर्धा, सोनसरी अशा लहान-मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

४/ धानाच्या मुलखात पावसाळाभर चाकाला वाव नसतो. बांधीत पाणी, वाटेत चिखल, नाल्यांना पूर. धान कापले गेले की चित्र पालटते. ओसाड झालेली बांधी कडक होते, नाले उतरतात आणि गावाभोवती एकाएकी मोकळी जागा निर्माण होते. झाडीतील प्रवासाचा, बाजाराचा, मंडईचा आणि नाटकांचा हंगाम याच काळात का येतो, याचे अर्धे उत्तर या मोकळ्या बांधीत आहे.

५/ आता या प्रश्नाचे पहिले ऐतिहासिक उत्तर पाहू. ते आहे बंजाऱ्यांचे आणि ते विलक्षण साधे आहे: चाकच नको! शतकानुशतके मध्य भारतात व दख्खनमध्ये धान्य आणि मीठ वाहून नेले ते बैलांच्या पाठीवरून. दोन्ही बाजूंना गोणी, मध्ये पाठ. या व्यापाराला लदेणी म्हणत. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडले जाते, तेही याच व्यवसायामुळे.

६/ या तांड्यांचे प्रसिद्ध वर्णन झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने करून ठेवले आहे. सतराव्या शतकात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या आणि १६७६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्याचा मार्ग झाडीतून गेला नव्हता. त्याची वाट बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा यांसारख्या व्यापारी नगरांची. तरीही त्याने टिपलेल्या अडचणी कोणत्याही अरुंद वाटेला लागू पडतात.

७/ ताव्हेर्निए सांगतो की दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्याने पाहिले. अरुंद ठिकाणी असा तांडा समोरून आला की गाडीने जाणाऱ्या प्रवाशाला सारे बैल निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवसही खोळंबून राहावे लागे. आजच्या घाटातील वाहतूक कोंडीला नावे ठेवण्यापूर्वी हे वाक्य स्मरावे.

८/ याहून रोचक प्रसंग पुढचा. धान्य वाहणारा तांडा आणि तांदूळ वाहणारा तांडा समोरासमोर आले की वाट कोणी द्यायची यावरून रक्तपात होई, असे तो नोंदवतो. व्यापाराची हानी होते हे पाहून मोगल बादशहाने दोन्ही नायकांना बोलावून घेतले, समजूत घातली आणि दोघांनाही द्रव्य व मोत्यांचे हार दिले, अशी कथा त्याने दिली आहे. वाट देण्याचा प्रश्न थेट दरबारापर्यंत पोहोचला होता!

९/ मग चाकांच्या गाड्या नव्हत्याच का? होत्या. ताव्हेर्निएने शंभर-दोनशे मालगाड्यांचे काफिलेही वर्णिले आहेत. प्रत्येक गाडीला दहा-बारा बैल. गाडीवरून दोन दोर टाकलेले असत आणि त्यांची चार टोके दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या चार शिपायांच्या हाती. अवघड जागी गाडी एका अंगाला कलली की विरुद्ध बाजूचे दोघे दोर ताणून धरीत. एका गाडीला सावरण्यासाठी चार माणसे! अरुंद वाटेवर चाकाची किंमत ही अशी मोजावी लागे.

१०/ पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. तो जागच्या जागी वळतो. दोन झाडांमधून निघतो. नाल्याच्या तिरप्या उतारावर कलंडत नाही. लांबच लांब तांडा म्हणजे हजारो सुटे तुकडे असलेले एक वाहन. जागा अपुरी असेल तर ते विखुरते, जागा मिळाली की पुन्हा एकत्र येते. जंगलासाठी याहून सोयीची रचना त्या काळी दुसरी नव्हती.

११/ मुक्कामाची रीतही तशीच. पडावावर बैलांवरील गोणी उतरवून त्यांची थप्पी लावली जाई. ती थप्पी म्हणजे भिंत, वर कापड ताणले की छप्पर. रात्री तेच गोदाम, तेच घर आणि तोच आडोसा. सकाळी भिंत पुन्हा बैलांच्या पाठीवर चढे. बायका-मुले बरोबरच असत. ही माणसे घरांत राहतच नाहीत, असे ताव्हेर्निएने आश्चर्याने लिहिले आहे.

१२/ चाकाला जंगलात न्यायचेच ठरवले तर काय होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. डिसेंबर १८०३. मेळघाटातील गाविलगडावर इंग्रजांची स्वारी. उत्तरेच्या बाजूने मारा करण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अवजड तोफा ७ ते १२ डिसेंबर या काळात डोंगर-दऱ्यांतून माणसांच्या हातांनी ओढत नेल्या. त्यासाठी रस्ताही आधी सैनिकांनाच तयार करावा लागला. १५ डिसेंबरला गड पडला. याच मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याला धान्य पुरवण्यात बंजाऱ्यांचे बैल होतेच. तोफेला रस्ता लागला, धान्याला पाऊलवाट पुरली.

१३/ दुसरे उत्तर शेतकऱ्याचे: दोन चाकांची बैलगाडी. विदर्भात बंडी, खासर. माणसांच्या प्रवासाला हलकी रेंगी, छकडा किंवा दमणी. हिच्या रचनेतील मेख एकाच कण्यात आहे. सारा भार एका आसावर तोललेला असतो. बैलांचे काम पुढे ओढण्याचे. मागे सरणे त्यांना जमत नाही. मग अरुंद गल्लीत गाडी अडकली तर?

१४/ बैल सोडायचे! जू उचलायचे, धुरेला हात घालायचा आणि गाडी आसावर फिरवायची. रिकामी बंडी दोन माणसे तिच्याच लांबीच्या वर्तुळात वळवू शकतात. बैल पुन्हा जुंपले की गाडी आल्या वाटेने परत. चार चाकांच्या जड गाडीला हे साधत नाही. तिला वळण्यासाठी पुढचा आस स्वतंत्र फिरावा लागतो आणि तरीही मोठे अंगण लागते. खेड्यातील गल्लीने दोनचाकी गाडी टिकवून धरली, असे म्हणता येईल.

१५/ आजची प्रवासी ट्रेलर किंवा ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली ही तत्त्वतः बंडीच. ओढणारा तेवढा बदलला. तिचे कोडेही जुनेच आहे. मागे घेताना ट्रॉलीचे शेपूट डावीकडे न्यायचे असेल तर ट्रॅक्टरचे सुकाणू आधी उजवीकडे वळवावे लागते, कारण जोड मधोमध आहे. शिकाऊ चालक येथेच चुकतो. जुन्या गाडीवानाने ही अडचण सोडवली नाही. जोडच सोडून तो मोकळा झाला.

१६/ बैलगाडीने मराठीला एक अजोड शब्द दिला: चाकोरी. चाकांनी मातीत पाडलेला खोल चर म्हणजे चाकोरी. एकदा गाडी तीत उतरली की हाकणाऱ्याची इच्छा गौण ठरते. चाकांमधील अंतर वेगळे असेल तर एक चाक चरात आणि दुसरे उंचवट्यावर. इसवी सन पूर्व २२१ मध्ये चीन एकत्र आणल्यावर पहिल्या सम्राटाने गाड्यांच्या आसांची लांबी एकसारखी ठरवून दिली, ती याच कारणाने. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हे आज कौतुकाचे बोल. गाडीवानाला तो धोका वाटे.

१७/ मग आली रेल्वे. फेब्रुवारी १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया-नागभीड-चांदा हा अरुंदमापी मार्ग झाडीत शिरला आणि वडसा हे कुरखेड्याच्या जवळचे स्थानक झाले. लांब पल्ल्याचे धान्य आणि मीठ डब्यांत गेले. बैलगाडी टिकली, कारण गाव ते स्थानक हे अंतर तिच्याच वाट्याला होते. लदेणी मात्र मोडली.

१८/ आणि त्याच सुमारास मुक्कामाचा अर्थच बदलला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याखाली संपूर्ण जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करता येऊ लागल्या. नोंदणी, हजेरी, हालचालींवर निर्बंध. संशयितांच्या आगमनाची खबर पोलिसांना देणे हे गावच्या मुखियाचे व जमीनधारकांचे कर्तव्य ठरले. पुढे कायद्याची व्याप्ती वाढत गेली आणि लमाण-बंजाऱ्यांचे गटही ठिकठिकाणी त्यात ओढले गेले.

१९/ या बदलाचे गांभीर्य ध्यानी घ्या. ज्यांच्या पडावाची वाट गावे मिठासाठी पाहत असत, त्यांचा पडाव आता चौकीला कळवण्याची बाब झाला. वाट तीच होती. झाडाखालची जागा तीच होती. थांबण्याचा अधिकार तेवढा गेला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. ‘विमुक्त’ या शब्दात त्या कायद्याची सावली आहे.

२०/ भाषेनेही याची नोंद ठेवली. ‘तांडा’ म्हणजे चालता समूह. आज तांडा म्हटले की गावाबाहेरची बंजाऱ्यांची स्थिर वस्ती डोळ्यांपुढे येते. चालण्यासाठी असलेला शब्द थांबलेल्या वस्तीचे नाव झाला. एखाद्या समाजाचा इतिहास एका शब्दाच्या अर्थबदलात क्वचितच इतका स्पष्ट उमटतो.

२१/ आता पुन्हा कुरखेड्याकडे, तिसऱ्या उत्तराकडे. झाडीपट्टी रंगभूमी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा तिचा प्रदेश, वडसा हे केंद्र. दिवाळीनंतर हंगाम उभा राहतो तो होळीच्या सुमारापर्यंत. गावात मंडई किंवा शंकरपट, आणि रात्री नाटक. दंडार, खडी गंमत अशा लोककलांच्या मातीतून ती उगवली. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कार्यासाठी.

२२/ या रंगभूमीला गावोगावी पक्के नाट्यगृह नाही. म्हणून नाट्यगृहच प्रवास करते. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत रंगतो. पडदे गुंडाळले जातात, दिवे उतरतात, सामान वाहनात चढते. बंजाऱ्याच्या गोणीप्रमाणेच इथेही रात्री जी भिंत असते तीच सकाळी ओझे बनते. जे सुटे होते, जे घडी घालून उचलता येते, तेच या मुलखात फिरू शकते.

२३/ तीन उत्तरे एकत्र ठेवून पाहा. बंजाऱ्याने चाक टाळले. गाडीवानाने जोड सोडून गाडी हातांनी वळवली. नाटक कंपनीने रंगमंचच घडीचा केला. रस्ता रुंद होण्याची वाट तिघांपैकी कोणीही पाहिली नाही. जागा जेवढी आहे तेवढ्यात मावेल असे आपले वाहन, आपले घर, आपली कला त्यांनी घडवली.

२४/ परंतु या तिघांनाही एक गोष्ट स्वतःच्या कौशल्याने मिळवता आली नाही, ती म्हणजे यजमान गावाची संमती. नाटकाची गाडी आज रात्री गावात शिरते तेव्हा गाव बांधी मोकळी करून देते आणि वाटेतला दगड कोणी तरी सरकवतो. १८७१ नंतरच्या तांड्याला नेमके हेच नाकारले गेले. कोणत्याही काळाचा रस्ता पारखायचा असेल तर त्याच्या रुंदीबरोबर हेही विचारावे: येथे कोणाला थांबू दिले जात होते?

२५/ तुमच्या गावाजवळ पडाव, तळ, तांडा किंवा मुक्काम या नावाची एखादी जागा आहे का? घरातील वृद्धांना विचारा, तेथे कोण उतरत असे आणि काय घेऊन येत असे. ती आठवण खाली अवश्य लिहा. धागा समाप्त. 🙏